यूटोपिया-डिस्टोपियाचा वीकेंड कोर्स, दांडिया बाजार: पैसे वसूल, पण आपलं बडोदंच राहून गेलं

यूटोपिया म्हणजे कल्पनेतलं आदर्श राज्य आणि डिस्टोपिया म्हणजे त्याचं उलटं, भयाण राज्य, त्यावरच्या पुस्तकांचा हा कोर्स. आधीच सांगून टाकते, कोर्स चांगला आहे, जायला हरकत नाही. फी दीड हजार, त्यात झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा आणि दर वेळी चहा (गोड, म्हणजे बडोद्याला शोभेल इतका गोड). मराठीतून शिकवतात हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे असल्या विषयावर काही असलंच तर ते युनिव्हर्सिटीत इंग्लिशमध्ये नाहीतर गुजरातीत, दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी मंडळींनी मग संगीत नाटकांवर भागवायचं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि सर ओळखीतले आहेत.

सुरुवात प्लेटोपासून, आणि प्लेटो फारच लांबवला. तत्त्वज्ञ राजा, समाजाचे तीन वर्ग, कवींना हाकलून द्या, हे सगळं ठीक, पण फळ्यावर तक्ते काढत बसल्यावर मागच्या रांगेत डुलक्या सुरू झाल्या. एक भाग मात्र सगळे कान टवकारून ऐकत होते. लोकांना मुद्दाम एक खोटी गोष्ट सांगायची की देवानं कुणात सोनं घातलंय, कुणात चांदी, कुणात लोखंड नि पितळ, म्हणजे ते आपापल्या जागी राहतील. आता हे ऐकून कुणाला काय आठवायचं ते आठवलंच. आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात नेमकं हेच धरलंय, की चातुर्वर्ण्य प्लेटोच्या आदर्शाच्या जवळ जातं आणि प्लेटोला प्रत्येक माणूस वेगळा असतो हे दिसलंच नाही, त्यानं सगळ्यांना दोन-चार खोक्यांत भरलं. हे सरांनी नाही सांगितलं हं, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या एका मुलानं सांगितलं, सर म्हणाले "हो हो, बरोबर" आणि पुढे गेले.

खरी मजा आली ती थॉमस मोरच्या दिवशी. ‘यूटोपिया’ हे त्याचं १५१६ चं लॅटिन पुस्तक. बेटावर चोपन्न शहरं, सगळी एकसारखी, दिवसाला सहाच तास काम, खाजगी मालमत्ता नाही, दाराला कुलूप नाही, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलायची, आणि सोन्याची किंमत उतरवायला त्याची काय तर रात्री मुतायची भांडी करायची. सगळे खूश. सहा तास म्हटल्यावर बँकेतले एक काका तर म्हणाले मी आत्ताच निघतो. आणि मग आमच्यातल्या एक काकू, ज्यांचं स्वतःचं पोळीभाजी केंद्र आहे, त्यांनी विचारलं, "सर, हे तीस-तीस कुटुंबं एका हॉलमध्ये पंगतीला बसतात म्हणता, मग मागची भांडी कोण घासतं?"

सर थांबले. झेरॉक्स चाळली आणि सापडलं तिथेच, अवजड आणि घाणीचं काम गुलाम करतात, स्वयंपाक मात्र घराघरातल्या बायका पाळीपाळीनं. म्हणजे सहा तास सगळ्यांना, फक्त गुलाम त्या सगळ्यांत धरायचे नाहीत. आणि पुढचं पान अजून भारी, गावाबाहेर जायचं तर राजाचं पत्र लागतं, पत्र नसताना दुसऱ्यांदा सापडलात तर गुलामी. काकू म्हणाल्या, "म्हणजे फिरायला गेलं की भांडी घासायला." वर्ग हसून हसून लोळला. सरांचं मोठेपण असं की ते चिडले नाहीत, उलट पुढे प्रत्येक पुस्तकाला स्वतःच विचारायचे, हं काकू, इथे भांडी कोण?

आणि खरंच सांगते, एवढ्या प्रश्नावर अर्धा कोर्स उलगडला. अमेरिकन लेखक बेलामीच्या १८८८ च्या ‘लुकिंग बॅकवर्ड’ या कादंबरीत अख्खा देश एक औद्योगिक सेना, एकविसाव्या वर्षी भरती, पंचेचाळीसला रिटायर, जेवण सार्वजनिक खानावळीत, आणि नवीन भरती झालेल्या पोरांनी पहिली तीन वर्षं पडेल ते काम करायचं. हक्स्लीचं १९३२ चं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ तर याच्यावरच उभं आहे, भांडी घासायला आवडतील अशीच माणसं बाटलीत तयार करायची, प्रश्नच मिटला. त्यात एक किस्सा आहे सायप्रसचा, बावीस हजार फक्त अल्फा, म्हणजे हुशारातले हुशार, बेटावर एकटे सोडले, हलकं काम कुणाला नको, सहा वर्षांच्या आत यादवी आणि एकोणीस हजार मेले. हे सर वाचत होते तेव्हा काकू नुसत्या मान हलवत होत्या, मला काय सांगता असं.

डिस्टोपियाच्या सेशनबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं. झाम्यातिन (‘वुई’ कादंबरीचा रशियन लेखक) छान झाला, काचेची घरं, माणसांना नावं नाहीत नुसते नंबर, पडदे ओढायचे तेही गुलाबी कूपन असेल तेव्हाच. रशियनमध्ये लिहिलेलं पण आधी छापलं इंग्लिशमध्ये, १९२४ ला न्यूयॉर्कला, आणि रशियात छापायला १९८८ उजाडलं. ऑर्वेलनं १९४६ साली त्याचं परीक्षण लिहिलं होतं आणि तीन वर्षांत स्वतःचं ‘१९८४’ आलं, हा धागा सरांनी मस्त जोडला. पण नंतर सगळी गाडी "बघा, हे सगळं आज खरं झालंय" वर आली आणि तिथेच अडकली. अहो सोसायटीत सीसीटीव्ही लावला की लगेच ऑर्वेल, हे किती दिवस चालवायचं? त्या पुस्तकात कॅमेऱ्याइतकंच भयंकर आहे ते रोज जुने पेपर काढून त्यातल्या बातम्या बदलायच्या, आणि ती नोकरी करणारा माणूस आपणच आपलं काम बरं जमतंय म्हणून सुखावतो, त्यावर पाच मिनिटं पण नाही. ग्रुपवर मात्र नंतर दोन दिवस आधार कार्डावर भांडण.

आता मोठी तक्रार. रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट शेवटी पाऊण पानात उरकली. १९०५ ला मद्रासच्या मासिकात इंग्लिशमधून आलेली, बायकांचं राज्य, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक, पुरुष मर्दान्यात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बंद भागात, ते मुलं सांभाळणार आणि रांधणार. ऑफिसचं काम बायका दोन तासांत संपवतात, कारण पुरुषांचा वेळ चिरूट ओढण्यात जातो, अर्ध्या तासाचा एक, दिवसाला बारा, करा हिशोब. भांड्यांच्या प्रश्नाला सरळ अंगावर घेणारं हे एकच पुस्तक आणि तेच ‘वेळ कमी आहे’ म्हणून पळवलं. प्लेटोचे दोन तक्ते कमी काढले असते तर झालं असतं की. संत रविदासांचा बेगमपुरा तर यादीतच नाही, जिथे दुःख नाही, कर नाही, आणि जो तो हवं तिथे हिंडतो, अडवणारं कुणी नाही. मोरच्या परवाना-चिठ्ठीशेजारी ठेवून बघा.

आणि बडोदं! अहो आपण बसलोय कुठे? सयाजीरावांनी १९०६ साली अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, १९१० ला अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना आणून वाचनालयांचं जाळं उभारलं, लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यात जायची, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशीचे मजले अजून आहेत. आदर्श राज्य कागदावर नाही तर हिशोबाच्या वहीत कसं दिसतं याचं एवढं जवळचं उदाहरण कुठे मिळणार? आणि त्याच राज्यात, त्याच राजाच्या स्कॉलरशिपवर शिकून आलेले आंबेडकर १९१७ ला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना, पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले, लाठ्या घेतलेली माणसं आली, आणि रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंत कमाटीबागेत बसायला लागलं. शिपाई फायली लांबून टेबलावर टाकायचे ते वेगळंच. राजाचा हुकूम होता, राजाची इच्छा चांगली होती, आणि गल्लीत ती पोचली नाही. यूटोपियाचा अख्खा वाद एका शहरात, एकाच पिढीत, आणि सेशनच्या ठिकाणाहून आंबेडकरांच्या स्मारकाला, संकल्पभूमीला, रिक्षानं जाता येतं. फीडबॅक फॉर्मवर मी हे लिहिलं, ऑर्गनायझर म्हणाले "लोकल विषय नंतर वेगळा घेऊ". लोकल??

बाकी किरकोळ. पंखे आवाज करतात, मागे बसलात तर सर ऐकू येत नाहीत. पार्किंगचं विचारू नका, टू-व्हीलरच न्या. झेरॉक्समध्ये हक्स्लीची पानं उलटसुलट लागलीत, नीट लावून घ्या. पीडीएफ मागितली तर देतात.

पाचपैकी साडेतीन. राजकारणावर तावातावानं बोलायचं म्हणून जाणार असाल तर नका जाऊ, वाचायची तयारी असेल तर जरूर जा. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणे, काकूंनी परत नाव दिलंय, त्यामुळे त्या बॅचला जमलं तर तीच बघा, आणि जाऊन पहिल्याच दिवशी रुकय्यांचं सेशन पूर्ण घ्या म्हणून मागणी करा, चार जणांनी म्हटलं तर सर ऐकतात.