राजहंसगड की वैजनाथ?

रविवार एकच, आणि डोंगराचं टोक गाठायचंच, तर बेळगावातून कुठे जावं?

यळ्ळूरच्या राजहंसगडावर गाडी जवळजवळ दारापर्यंत जाते. सिद्धेश्वराचं देऊळ, २०२३ साली अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा, मग बुरूज, झालं. फक्त ‘ट्रेक केला’ म्हणू नका.

देवरवाडीचा वैजनाथ घाम काढतो. बरेच जण देवळात नारळ फोडून परततात. माथा त्याच्याही वर. पायवाट झाडीतून, पावसात निसरडी. माथा आला का हे ठरवायला मोबाइलवरच्या उंचीवर विसंबू नका, जीपीएस आडव्यापेक्षा उभ्या अंतरात जास्त चुकतं. चहूकडे बघा, जवळपास कुठे चढ उरलाय का?

म्हातारी माणसं, लहान पोरं सोबत असतील तर राजहंसगड. टोकाचीच ओढ असेल तर वैजनाथ, तोही पावसाळा सरल्यावर.