बचत गट, भिशी की महिला मंडळ: नाव कुठे नोंदवायचं?

लग्न होऊन नव्या गावी आलेली किंवा मुलं मोठी झाल्यावर जरा मोकळी झालेली बाई हा प्रश्न हमखास विचारते. "इथे बचत गट पण आहे, भिशी पण आहे, मंडळ पण आहे. मी कुठे जाऊ?" मी तिन्हींत राहिले आहे. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात: सतरंजी, वही, चहा. फरक कळतो तो एखादीवर वेळ येते तेव्हा.

भिशी सगळ्यात सोपी. बारा जणी, महिन्याला १,००० रुपये, चिठ्ठी निघेल तिला १२,०००. पहिला नंबर लागला तर ते बिनव्याजी उसने पैसे. शेवटचा लागला तर तुम्हीच बाकीच्यांना वर्षभर बिनव्याजी वापरायला दिलेत. तेच हजार रुपये बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले, साडेसहा टक्के व्याज धरलं, तर वर्षाला सव्वाचारशेच्या आसपास सुटतात. तरीही बायका भिशी लावतात, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. ठेव घरच्यांच्या एका शब्दावर मोडली जाते. भिशी मोडता येत नाही, कारण अकरा जणी वाट बघत असतात. फ्रिज, मुलीची फी, चार ग्रॅमचे कानातले अशा गोष्टी कित्येक घरांत भिशीवरच झाल्या आहेत.

धोका मात्र खरा आहे. आमच्या पंधरा जणींच्या भिशीत दुसरा नंबर लागलेली एक जण तीन हप्ते भरून गाव सोडून गेली. बारा हप्ते राहिले. ते १२,००० भिशी चालवणाऱ्या काकूंनी स्वतःच्या खिशातून भरले आणि कुणाला ओरडल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी भिशी लावली नाही. घरगुती भिशी शब्दावर चालते, हातात कागद नसतो. म्हणून हप्ता रोख न देता फोनवरून पाठवा, म्हणजे निदान नोंद राहते. आणि लिलावाच्या भिशीत, जिथे गरजवंत बाई तोटा सोसून आधी रक्कम उचलते, तिथे मी तर कुणाला जा म्हणणार नाही.

बचत गटाबद्दल जास्त बोलायला हवं, कारण तिथे मिळण्यासारखंही जास्त आहे आणि अडकण्यासारखंही. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेनं १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग केला, तिथून ही वाट रुंद झाली. आपल्याकडे माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, आणि 'उमेद' हे सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ पासून. गटात दहा ते वीस जणी, एका घरातली एकच, आणि एका बाईचं नाव एकाच गटात. नोंदणीची सक्ती नाही. ठराव आणि कागदपत्रं दिली की गटाच्या नावानं बँकेत बचत खातं निघतं.

हिशोब असा. पंधरा जणींनी महिना २०० टाकले की वर्षात ३६,००० जमतात. त्यातून ज्या बाईला गरज, तिला कर्ज. आमच्या गटात महिना दोन टक्के व्याज आहे. ऐकायला जड वाटतं, पण ते व्याज सावकाराकडे न जाता आपल्याच पेटीत परत येतं. खातं सहा महिने नीट चाललं, वह्या पूर्ण असल्या, की बँक कर्जाचा विचार करते. 'उमेद'सारख्या ग्रामीण अभियानातल्या गटाला वीस लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. शिवणयंत्र किंवा दोन शेळ्या घ्यायच्या असतील तर एकट्या बाईला एवढ्या सहज दुसरं कुणी दारात उभं करत नाही.

आणि अडचण? वेळ. 'उमेद'च्या गटाची बैठक आठवड्याला असते. चुकली तर काही गटांत दंड असतो. शिवाय कर्ज गटाच्या नावावर असतं, म्हणजे एकीनं हप्ते थकवले की बाकीच्यांचं पुढचं कर्ज अडतं. हा भार खांद्यावर असतो हे आत येतानाच कळायला हवं. आमच्याकडे एका ताईंचा नवरा आजारी पडला तेव्हा त्यांचे चार हप्ते चुकले. बैठकीत सचिव उभी राहिली, वही उघडून सगळ्यांसमोर आकडा वाचला, आणि मग विचारलं, "कशी वाटून घ्यायची मुदत?" आकडा लपवला नाही आणि बाईला खाली मान घालायलाही लावली नाही. माझ्या लेखी चांगला गट म्हणजे हाच.

इथे एक सावधगिरी. "दहा जणींचा गट करा, आठवड्यात कर्ज देतो" असं म्हणत कुणी दारात आलं तर तो बचत गट नव्हे. ते कर्ज देणाऱ्या कंपनीचं काम. त्यात बचत नाही, आपली पेटी नाही, फक्त हप्ता आणि एकमेकींची हमी. दोन्हींना 'गट'च म्हणतात म्हणून फसायला होतं. विचारायचा प्रश्न एकच: "आमची बचत कुठल्या खात्यात जमा होणार?"

महिला मंडळात पैशाचा प्रश्नच जवळपास नाही. वर्षाची वर्गणी, हळदीकुंकू, भोंडला, सहल, कधी आरोग्य तपासणी. नोंदणीकृत असेल तर वार्षिक सभा आणि लेखापरीक्षण होतं. नसेल तर दोन-चार जणींच्या उत्साहावर चालतं. बैठका बहुधा दुपारी तीनच्या सुमाराला, त्यामुळे नोकरी करणारीची पंचाईत. पण एकटेपणावर मंडळासारखं औषध नाही, हे मी मनापासून सांगते. सासूबाई गेल्यानंतरचे सहा महिने मला मंडळातल्या बायकांनी सांभाळलं. गटातल्यांनाही माया होती, पण तिथे बैठक संपली की प्रत्येकीला घर गाठायची घाई असते.

मंडळ पारखायचं असेल तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊन बघा की विधवा बायकांना कुठे बसवतात. सावित्रीबाई फुल्यांनी १८५२ मध्ये महिला सेवा मंडळाच्या तिळगूळ समारंभात सगळ्या जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवलं होतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एवढं होऊनही एखादी ताई दारातूनच वाण घेऊन परत जात असेल, तर त्या मंडळात नाव नोंदवण्याआधी दहा वेळा विचार करा. किंवा नोंदवा, आणि पुढच्या वर्षी तिचा हात धरून तिला आत आणा.

मग कुठे जायचं? स्वतःचं काहीतरी सुरू करायचं असेल, किंवा घरात तुमच्या नावावर एक रुपयाही नसेल, तर बचत गट. दरमहा ठरलेला पगार आहे, आठवड्याच्या बैठकीला वेळ नाही, एखादी मोठी वस्तू घ्यायची आहे, तर ओळखीतली चिठ्ठीची भिशी. गावात नवीन असाल, घर खायला उठत असेल, तर मंडळ. मंडळ आणि गट दोन्ही एकदम करायला हरकत नाही; दोन गटांत नाव मात्र घालू नका, बँकेत ते उघडं पडतं आणि दोन्हीकडे अडचण होते.

नाव देण्याआधी एका बैठकीला नुसतं जाऊन बसा. वही मागा. शेवटचं पान कधीचं आहे बघा, सह्या आणि अंगठे त्याच दिवशीचे आहेत का बघा, पेटीची किल्ली कुणाकडे आणि पेटी कुणाच्या घरी ते विचारा. मध्येच सोडलं तर आपली बचत कधी आणि किती परत मिळते, हेही तेव्हाच विचारून घ्या. आधार कार्डाची झेरॉक्स पहिल्या दिवशी नेऊ नका, दुसऱ्या बैठकीला न्या.