नौपाड्यातील कान-नाक-घसा दवाखाना: आमचा अनुभव

मानेवरची न दुखणारी गाठ दोन महिने हटेना, म्हणून मोठ्या भावाला घेऊन मी ठाण्यात नौपाड्यातील एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. दादाने तंबाखूला कधी हात लावलेला नाही, त्यामुळे कर्करोगाची शंका आमच्या मनातही नव्हती. डॉक्टरांनी दुर्बिणीने टॉन्सिल आणि जिभेचे मूळ तपासले, बायोप्सी करवली आणि अहवालात कर्करोग निघून पी-१६ चाचणी (कर्करोगामागे ह्युमन पॅपिलोमा विषाणू असल्याची खूण दाखवणारी) पॉझिटिव्ह आल्यावर तिचा अर्थ कागदावर आकृती काढून समजावला: ह्युमन पॅपिलोमा विषाणू बहुतेकांच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो, परंतु त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराचा संसर्ग टॉन्सिलच्या खाचांत वर्षानुवर्षे टिकून राहिला, तर त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने पेशींच्या वाढीला लगाम घालणारी यंत्रणा निकामी करतात. हा कर्करोग तंबाखूजन्य कर्करोगापेक्षा उपचारांना सहसा चांगला प्रतिसाद देतो, हे ऐकून वहिनींच्या जिवात जीव आला. संसर्ग कधी झाला, या त्यांच्या अवघड प्रश्नालाही डॉक्टरांनी बगल दिली नाही. तो मुखमैथुनातून पसरतो आणि कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

तक्रार आहे ती स्वागतकक्षाची. वेळ ठरवूनही दीड तास बसावे लागले, आणि आजाराचे नाव सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले गेले, हे मला मुळीच पटले नाही. निघताना पुतण्याला द्यायच्या, या विषाणूविरुद्धच्या लशीचा विषय मीच काढला. ती जडलेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून संसर्गाआधी, कोवळ्या वयातच घ्यावी, असे उत्तर मिळाले. पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन तिथेच जाणार आहोत.