विक्सिओनेर: एका टिंबासाठी वापरावा असा कोश

मी ठाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांच्या फ्रेंचच्या शिकवण्या घेते. उच्चार बघायला तीन वर्षांपासून 'विक्सिओनेर' वापरतेय, म्हणजे विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशाची फ्रेंच आवृत्ती. २००४ पासून चालू आहे आणि पूर्ण फुकट.

माझा जीव त्यातल्या टिंबावर आहे. शब्दासमोर ध्वनिलिपीत उच्चार असतो आणि त्यात दर तुकड्यानंतर टिंब. फ्रेंचमध्ये शब्द कुठे तुटतो हे कळलं, की स्वर नाकात म्हणायचा की नाही तेही बहुतेक वेळा कळतं.

परवा एका मुलाने 'इन्युतील' (निरुपयोगी) हा शब्द 'अँन्युतील' असा वाचला. आय-एन दिसलं की 'अँ', एवढंच त्याने पाठ केलेलं. मी मोबाइलवर शब्द काढून दिला: इ. न्यु. तील. 'न'च्या पुढे स्वर आहे, म्हणून तो पुढच्या तुकड्यात गेला आणि मागे नुसता 'इ' उरला. मग 'अँपॉसिब्ल' (अशक्य) काढायला लावला. तिथे एम-च्या पुढे पी आहे, त्यामुळे एम मागेच राहतो आणि 'अँ' होतो. त्याने जरा थांबून स्वतःच 'बानान' म्हणजे केळं शोधलं. "मॅडम, यात दोन एन आहेत, पण नाकात एकही नाही!" नियमांची झेरॉक्स वाटून इतक्या वर्षांत हे कुणाच्या तोंडून आलं नव्हतं.

लिहिताना तोडणं वेगळं आणि बोलताना वेगळं, हेही इथे दिसतं. 'सामदी' म्हणजे शनिवार, हा शब्द लिहिताना सा-म-दी असा तीन तुकड्यांत तुटतो, कोशात मात्र साम. दी. मी मुलांना 'सरकार' म्हणायला सांगते. लिहितो चार अक्षरं, म्हणतो सर्-कार. मग पटतं.

बऱ्याच शब्दांना माणसांच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत, सोबत गाव किंवा प्रदेश लिहिलेला. लियाँचा आणि तुलूझचा आवाज पाठोपाठ ऐकवा.

मजकूर सगळा फ्रेंचमध्ये आहे, आणि ध्वनिलिपीची चिन्हं आधी तासभर बसून शिकवावी लागतात. तेवढा वेळ द्याच. वाक्यात शब्द एकमेकांना कसे चिकटतात, म्हणजे 'ले' (अनेकवचनी उपपद) आणि 'आमी' (मित्र) मिळून मधे 'झ' येऊन 'लेझामी', ते मात्र आपणच शिकवायचं. 'एरो' म्हणजे नायक, त्याच्या उच्चाराआधी कोश स्पेलिंगच्या सुरुवातीच्या मुक्या 'एच'बद्दलची खूण देतो, ती मुलांना नक्की दाखवा. तिथे 'झ' जोडायचा नसतो. जोडला तर 'ले एरो'चं 'ले झेरो' होतं, आणि नायकांचे शून्य होतात.