मांडवीचे पाणी: गॅम की बेझीय श्रेणीबद्ध प्रतिमान?
गोव्यातील मांडवी नदीच्या मुखाशी मे महिन्यात दर हजार भागांत ३५ च्या आसपास असणारी क्षारता (पाण्यातील क्षारांचे प्रमाण) पावसाळ्यात इतकी झपाट्याने उतरते, की क्षारता आणि प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) संख्या यांचे नाते सरळ रेषेत बसवणे व्यर्थ ठरते. हेस्टी आणि टिब्शिरानी यांनी १९८६ साली मांडलेले ‘गॅम’ (जनरलाइज्ड ॲडिटिव्ह मॉडेल) हे संख्याशास्त्रीय प्रतिमान वक्राचा आकार आधी न ठरवता तो विदेतूनच घडू देते. आलेख पाहताच बदल कुठे होतो ते कळते. मात्र मुसळधार पावसात नमुने घेणारी होडी निघाली नाही, की वहीतला जुलैचा रकाना कोरा राहतो आणि नेमका तिथेच गॅमचा वक्र बेभरवशाचा होतो. बेझीय श्रेणीबद्ध प्रतिमान, म्हणजे आधीचे अंदाज नोंदींनुसार सुधारणारे आणि अनेक केंद्रांचा एकत्र विचार करणारे प्रतिमान, अशा वेळी पणजी, रायबंदर यांसारख्या शेजारच्या केंद्रांच्या नोंदींचा आधार घेते आणि अनिश्चितताही उघड दाखवते. गणनेला वेळ लागतो, पूर्वधारणा (नोंदी पाहण्याआधीचे अंदाज) जपून निवडाव्या लागतात. तरी तुटपुंज्या नमुन्यांसाठी मी तेच निवडेन.