देवगिरी किल्ला: लढाया दिसतात, तह शोधावे लागतात

वेरूळला जाता जाता तासाभरात उरकायचा किल्ला म्हणून देवगिरीकडे बघू नका. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण 15 किलोमीटर, तिकीट 25 रुपये आणि नीट पाहायला किमान चार तास. लढाई करून कायमची शांतता मिळते का, हा प्रश्न ज्याला पडलाय त्याच्यासाठी मराठवाड्यात याहून चांगली जागा नाही.

आधी बांधणी बघा, तीही खालून वर, सावकाश. महाकोटाचे, म्हणजे खालच्या मुख्य तटाचे, दरवाजे एका रेषेत नाहीत. प्रत्येक दारापुढे वळण आणि बंदिस्त चौक, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला जागाच उरत नाही. फळ्यांवरचे लोखंडी खिळे त्याने मस्तक लावू नये म्हणून. पुढे खंदक. डोंगराचा कडा तळापासून तासून सरळ केलाय, पाय टेकायला खाच नाही. दगडी पुलाचा मधला भाग मुद्दाम खोल ठेवलेला. खंदकातलं पाणी चढवलं की तो बुडायचा. मग अंधारी: वळणावळणाचा काळोखा बोगदा, वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून धूर आत सोडायची सोय. इथे वटवाघळांचा उग्र दर्प येतो, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, पावसाळ्यात निसरड्या. मोबाइलचा उजेड धरला की हात अडकतो. डोक्याला बांधायची बॅटरी न्या.

एवढ्या तयारीनंतरही 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामदेवराय यादवांना तह करावा लागला. धान्याची समजून गडावर चढवलेली पोती मिठाची निघाली, असं सांगतात. मोठी खंडणी आणि दरसालचा वसूल ठरला. पुढे वसूल थांबला आणि 1307 मध्ये खिलजीचा सेनापती मलिक काफूर चालून आला. या वेळी मात्र रामदेवरायांना दिल्लीत ठेवून घेऊन ‘रायरायान’ किताब दिला, राज्यही परत केलं. ते हयात होते तोवर दिल्लीशी पुन्हा लढाई झाली नाही. अर्थात त्याच शांततेच्या बळावर वरंगळ आणि द्वारसमुद्रावर स्वाऱ्या निघाल्या, हेही खरं. मुलगा शंकरदेव उलटला, मारला गेला. जावई हरपाळदेवांची तर जिवंतपणी कातडी सोलली. त्या दहशतीनं काय साधलं? 1347 मध्ये इथेच दिल्लीच्या अमिरांनी बंड करून बहमनी सत्ता उभी केली.

आमचं मत स्पष्ट आहे: लढाईनं गादी कुणाची ते ठरतं, पण ती शांतता किती टिकणार हे हरलेल्याला कसं वागवलं त्यावर ठरतं. 1633 मध्ये मुघल सरदार महाबतखानानं सुरुंग आणि उपासमारीनं किल्ला घेतला, तरी शहाजीराजांनी निजामशाहीचा दुसरा वारस उभा करून झुंज चालू ठेवली. ती थांबली 1636 च्या तहानं. वरची बारादरी त्याच सुमाराची, शहाजहानसाठी बांधलेली.

खाली भारतमाता मंदिरात जरा जास्त थांबा. जुन्या मशिदीच्या खांबांमध्ये ही मूर्ती हैदराबादच्या विलीनीकरणानंतर बसवली. 13 ते 17 सप्टेंबर 1948, पाच दिवसांत भारतीय लष्कराची कारवाई संपली आणि रझाकारांचा जाच थांबला. निजामाला पुढे राजप्रमुख केलं, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1952 ला निवडणूक झाली. सत्तेचा वाद पुन्हा पेटला नाही तो या कामांमुळे. पण कारवाईच्या मागोमाग उस्मानाबाद, नांदेडकडे हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. चौकशीसाठी केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा संस्थानभरचा कमीत कमी अंदाज 27 ते 40 हजारांचा होता, आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही. 17 सप्टेंबरला झेंडावंदन करताना हेही मुलांना सांगायला हवं.

गाइड सहसा तोफा, फितुरी आणि भुयार रंगवून सांगतात. तहांबद्दल मुद्दाम विचारा, त्याआधी 1296, 1307 आणि 1636 थोडं वाचून जा. एप्रिल-मे टाळा, कातळ भट्टीसारखा तापतो. माणशी दोन लिटर पाणी न्या, खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका, वानरं ओढतात. गुडघे दुखत असतील तर खंदकाच्या पुलापर्यंतच जा. चाँदमिनार, भारतमाता मंदिर आणि हत्ती हौद तेवढ्यात होतात.