अडकलेलं बिल: कौन्सिलला जावं की एनसीएलटीत क्लेम टाकावा?

शेजारच्या गाळ्यातला मित्र परवा विचारत होता, की माल घेणारी पार्टी डगमगतेय, 18 लाख अडकलेत, आत्ताच एमएसएमई कौन्सिलला (लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांचा निवाडा करणारं सरकारी मंडळ) जाऊ का कंपनी एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या केस चालवणारं न्यायाधिकरण) गेली की तिथे क्लेम, म्हणजे थकबाकीचा दावा, टाकू? मी दोन्ही करून बसलोय, दोन वेगळ्या पार्ट्यांबरोबर. अर्थात दोन केसवरून नियम होत नाही, सीएला विचाराच.

क्लेम टाकणं सोपं आहे हे मान्य. फॉर्म बी भरा, बिलं-चलनं जोडा, फी नाही. आणि स्वतः दिवाळखोरीची केस टाकायची तर 2020 पासून थकबाकी किमान 1 कोटी लागते, म्हणजे आपल्यासारख्यांनी दुसऱ्या कुणीतरी टाकायची वाट बघायची. केस दाखल झाली की कमिटी बसते बँकांची. आपल्याला मत नाही, आणि सगळ्या सप्लायर्सचं मिळून देणं एकूण कर्जाच्या 10 टक्के नसेल तर मीटिंगमध्ये नुसतं बसायलाही मिळत नाही.

पण हेही मी गिळलं असतं. डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. केस दाखल झाल्यावर महिनाभरात आरपीच्या, म्हणजे केस चालू असताना कंपनी चालवायला नेमलेल्या माणसाच्या, ऑफिसातून फोन, लाइन बंद पडेल, माल चालू ठेवा, पेमेंटची काळजी करू नका. दिला. तोच ब्रॅकेट, तीच डाय, गेटवर माल मिळाल्याचा, जीआरएनचा शिक्का मारणारा माणूसही तोच. नवीन बिलं वेळेवर पूर्ण मिळाली, कारण केस चालू असतानाचा खर्च सगळ्यात आधी भागवतात. आणि जुने 11 लाख? कंपनी वाचवायचा प्लॅन पास झाल्यावर मेल आला, तक्त्यात माझ्या नावापुढे ॲडमिटेड, म्हणजे मान्य, 11 लाख आणि पुढच्या रकान्यात शून्य. कायद्यानं आपल्याला किमान लिक्विडेशनमध्ये, म्हणजे कंपनी मोडून विकली असती तर, मिळालं असतं तेवढं द्यावंच लागतं, पण बँकांचं तारण वजा केलं की खाली उरतं काय. गंमत म्हणजे नियमात असंही आहे की आपलं पेमेंट बँकांच्या आधी करायचं. शून्य आधी मिळालं, एवढंच.

एस्सार स्टीलच्या दिवाळखोरीच्या वेळी 2019 मध्ये एनसीएलटीच्या वरच्या अपिलेट ट्रिब्युनलने बँका आणि सप्लायर्स सगळ्यांना सारखेच, 60 टक्क्यांच्या वर, द्या म्हटलं होतं, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं, वाटप कसं करायचं ते कमिटीच्या व्यावसायिक शहाणपणावर. बँकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, तारण घेऊन पैसा दिलाय त्यांनी. पण आपणही 60 दिवस बिनव्याजी उधारी दिलेलीच असते की.

कौन्सिलचं कौतुक करावं असंही फार काही नाही, कायद्यात 90 दिवस लिहिलेत, मला 14 महिने लागले, दोन तारखा तर नुसत्या चहा पिऊन परत. पण तिथे समोरच्याला भीती असते. 45 दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ, आणि निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर आधी 75 टक्के रक्कम भरा. माझ्या पार्टीचा अकाउंट्सवाला तीन वर्षं फोन उचलत नव्हता, नोटीस गेल्यावर स्वतः गाळ्यावर आला. मुद्दल पूर्ण मिळालं, व्याज मी बरंचसं सोडलं.

फक्त दोन गोष्टी बघा, उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) माल देण्याच्या आधीची हवी, आणि तुम्ही मायक्रो किंवा स्मॉल हवेत, नुसत्या ट्रेडिंगवाल्यांचं तिथे अवघड आहे. आणि हो, मधेच पार्टी एनसीएलटीत गेली तर मोरेटोरियम (वसुलीला स्थगिती) लागतो, कौन्सिलचं काम थांबतं आणि पुन्हा फॉर्म बी भरावा लागतोच, तो मुदतीत भरा नाहीतर प्लॅन मंजूर झाला की जुनं देणं कायमचं पुसलं जातं. म्हणूनच मला वाटतं जायचं तर कंपनी डगमगतेय तेव्हाच, पडल्यावर नाही. मोठं बिल असेल, 1 कोटीच्या वर, तर तुमचं गणित वेगळं असू शकतं, केसआधीच्या नुसत्या डिमांड नोटीसनंही काही जण चेक काढतात म्हणे.

मित्राला म्हटलं, आज संध्याकाळी जा आणि आधी बॅलन्स कन्फर्मेशनवर (इतकं देणं आहे हे मान्य करणारा कागद) सही-शिक्का घेऊन ये, तो परचेसवाला अजून तुझ्याशी हसून बोलतोय तोवर.